शिवणीतली माया

ती पहिल्यांदा दुकानात आली
तेव्हा विजार दोन्ही मुठींत धरून उभी होती,
सोडली असती तर घोट्यांवर गेली असती.
सरकारी खाकी. राजधानीत कोणीतरी
एकाच मापात कापून काढतं देशातली सगळी पोरं,
मग ठिकठिकाणचे शिंपी
त्यांना माणसांच्या आकारात आणतात.

पदवी झाली की एक वर्ष देशाचं, असा कायदा.
दक्षिणेच्यांनी उत्तरेत, उत्तरेच्यांनी दक्षिणेत.
चिठ्ठी निघते, बस निघते.
तिच्या चिठ्ठीत आमचं तुदून काल्गो निघालं,
कांदा आणि धूळ एवढंच पिकवणारं.
नाव इदोरेन्यिन. आमच्या जिभेला पेललं नाही.
आम्ही कोपा म्हणालो,
तिच्याआधीच्या सगळ्यांना म्हणत आलो तसं.

परक्या मुलीचं माप मी कसं घेणार?
टेप तिच्याच हातात दिली.
तिने कंबरेला गुंडाळून आकड्यावर बोट ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
"आशिरीन दा तक्वास," मी म्हणालो. अठ्ठावीस.
तिने तीनदा म्हणून पाहिलं. हसली नाही.

चार बोटं आत घेतली. कापड कापलं नाही,
शिवणीत माया ठेवली.
कापून टाका, तिने खुणेने सांगितलं,
मी बदली मागितली आहे.
मी सुई ओठांत धरून मान हलवली,
तिचा अर्थ काहीही होतो.

गुरुवार सेवेचा, असं कागदावर असतं.
आधीचे कोपा त्या दिवशी शहरात सही करून येत.
ही फावडं घेऊन बाजारामागच्या गटारात उतरली,
माझ्या लग्नाच्याही आधीपासून तुंबलेल्या.
पहिल्या गुरुवारी आम्ही बघितलं.
दुसऱ्याही. चहा पीत.
तिसऱ्या गुरुवारी तिचे तळहात फुटले.
मशीनवर माझा एक टाका सुटला, तेवढंच.
चौथ्या गुरुवारी खाटकाचा दान्लामी उठला.
सेवाबिवा त्याच्या मनात नव्हती,
तिचं फावडं धरणं त्याला बघवेना.
"असं धरतात?" म्हणून त्याने ते काढून घेतलं, दाखवायला,
आणि अंधार पडेपर्यंत दाखवतच राहिला.
मग ज्याला त्याला दाखवायचं होतं.

गटारातून निघाल्या एकेकट्या चपला,
सायकलचं चाक, हरलेल्या उमेदवाराचं अख्खं पोस्टर
आणि माझी कात्री,
जिच्यासाठी मी धाकट्या भावाशी सात वर्षं बोललो नव्हतो.
त्या पावसाळ्यात पाणी धान्याच्या पोत्यांत शिरलं नाही,
नदीकडे गेलं.
देश बदलला वगैरे म्हणणार नाही मी.
पाणी नदीकडे गेलं.
भावाकडे मी गेलो.

नवव्या महिन्यात ती पुन्हा आली,
विजार ओट्यावर ठेवली. "सोडा," म्हणाली, आमच्याच भाषेत.
घराघरांतला तुवो अंगी लागला होता.
उसवताना खिशात एक कागद सापडला:
बदली मंजूर. दोन महिन्यांपूर्वीची तारीख,
दोनदा धुतलेली.
मी तो जागच्या जागी ठेवला
आणि आतली माया बाहेर काढली, चारही बोटं.

वर्ष संपलं, बस आली.
मुलींच्या वर्गात गणिताला आता पुन्हा कोणी नाही,
हेही सांगायला हवं.
फावडं दान्लामीकडेच आहे. काही गुरुवारी तो जातो,
काही गुरुवारी त्याला हाका माराव्या लागतात.

माझी टेप मात्र तिने जाताना आणून दिली.
तिच्या वर्गाने तिने पटांगण मोजलं होतं, बाभळीची सावली,
विहिरीचा घेर, मुख्याध्यापक मलम यहूझांचं पोट.
चार चार पोरींनी ओढून ती लांबली आहे.
मला ईदच्या कपड्यांना कळलं.
तेव्हापासून गावातला प्रत्येक सदरा
अर्धं बोट सैल होतो.
अजून कोणी तक्रार केलेली नाही.
शहरात नवी टेप मिळते.
आणेन कधीतरी.