दुसऱ्या अंकातली जागा

खनिजाचे ट्रक बंद पडल्यापासून
कुडचड्याची रात्र ऐकण्याजोगी झाली आहे.
काट्यावर बावीस वर्षं मी वजनं लिहिली:
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक.
आता साडेदहानंतर
व्हॉल्व्ह बदलत बसतो.

डबा माझा मीच ठोकलाय. पत्रा वास्कोच्या भंगारातला,
ट्रान्सफॉर्मर मडगावातल्या एका मेलेल्या रेडिओचा.
हेडफोन मुलीने दोहाहून धाडला,
आत चिठ्ठी: बाबा, आईला झोपू द्या.
मधोमध नऊ भोकांचं सॉकेट.
सगळा खेळ तिथे.

म्हापशाला शुक्रवारी रोमाल्दीन
चोरिसांच्या माळांना पाठ लावून बसते.
काजूच्या डब्यात व्हॉल्व्ह,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, अंड्यांसारखे.
नवरा तिचा बोटीवर वायरलेस सांभाळायचा.
"पोरनें, पूण बरें," ती म्हणते,
आणि मी उन्हाकडे धरून माथ्यावरचा चंदेरी डाग बघतो.
डाग पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली.
आत काहीच नसणं, हीच तर त्याची तब्येत.

पाय गंजलेले. आपल्या हवेत काय टिकतं?
टूथब्रश, स्पिरिट, शाळेचा खोडरबर.
बसवायचा सरळ, न पिरगाळता.
मग थांबायचं.
तार आधी काळपट,
मग हळूहळू अबोलीच्या रंगाची.

तपासायला कॅसेट एकच.
एक्क्याऐंशी साल, काल्याचं नाटक,
देवळापुढचा मांडव, दुसरा अंक.
तीच का, ते शशिकलाही विचारत नाही आता.

बेंगळुरूच्या व्हॉल्व्हमध्ये राजा खणखणीत,
मामलेदारासारखा.
रशियन लावला की मांडव खोल होतो,
पार मागे कुणाचं तरी मूल किरकिरतं,
कुणीतरी त्याला गप्प करतं.
डच व्हॉल्व्हमध्ये राजाच्या घशात तूप.
शशिकलाला तोच आवडला,
अर्धं मिनिट ऐकून, हात ओले असताना.

काल डब्याच्या तळाचा काढला.
अक्षरं पुसलेली, नाव नाही, गाव नाही.
पेन्सिलने टिचकी मारली तर
कानात काशाचं भांडं पडल्यासारखा.
नुसता ठेवला तरी गुणगुणतो.
मीटरवर निम्मासुद्धा नाही.
फेकायचाच होता.

राजा म्हणाला, "बोल, काय खबर?"
आणि मग ती जागा.
सात सेकंद. मी मोजली आहेत.
त्यात पेटीचा भाता, एक खोकला,
आणि चौदा वर्षांचा शिपाई,
पुठ्ठ्याचा भाला घेऊन, पांढराफटक.
तो मी.

प्रॉम्प्टरला वडील होते, विंगेत, कंदिलापाशी.
त्या रात्री घरी येताना मी म्हणालो,
"तुम्ही सांगितलंच नाही."
ते काही बोलले नाहीत.
चपला हातात घेऊन पुढे चालत राहिले,
ओहोळ ओलांडायचा होता.
नंतर कितीतरी वर्षं
मी हेच सगळ्यांना सांगितलं, हसत हसत,
त्यांच्यासमोरही.

काल त्या सात सेकंदांत,
गुणगुणण्याच्या खाली, पेटीच्या पलीकडे,
कुजबुज:
महाराज, घोडा दारात उभा आहे.
पुन्हा.
तिसऱ्यांदा माझं घरचं नाव घेऊन,
बाबुलो, घोडा. घोडा.

तेवढ्यात टाळ्या.
राजा दुसरंच काहीतरी बोलून
अंक पुढे घेऊन गेला होता.

टेप मागे घेतली. परत ऐकलं.
रशियन लावला: नाही.
डच: नाही.
पुन्हा तोच, पोळलेल्या बोटांनी:
आहे.

हेडफोन डोक्यावरच होता,
त्यामुळे माझा आवाज किती मोठा झाला कळलं नाही.
"महाराज, घोडा दारात उभा आहे!"

आतून शशिकला: "कोण उभा आहे?"
"घोडा."
"मग आत घे त्याला," म्हणाली,
आणि कूस बदलली.

खोकं शोधलं, व्हॉल्व्हच्या मापाचं.
काट्यावरच्या अक्षरात
पेन्सिलने लिहिलं:
गुणगुणतो. ठेवणे.