पहिला महिना फुकट

केगावहून परतणाऱ्या बसमध्ये निलोफर नदाफ
वहीच्या शेवटच्या पानावर क्लबांची नावं लिहिते,
पुढे फी, पुढे घरापासूनचं अंतर,
आणि सगळ्यात बारीक रकाना: सुटताना अंधार असतो का?
खरं तर हाच रकाना आम्ही आधी आखला होता.

सोमवारी होटगी रोड. तिसरा मजला, काचा, एसी,
बूट ठेवायचं कपाट आमच्या खोलीएवढं.
सर म्हणाले, सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट, हप्त्यानं दिलं तरी चालेल.
जिना उतरताना निलोफर म्हणाली,
"सहा महिन्यांत आपलं थर्मोडायनॅमिक्स सुटंना बे."

बुधवारी एका शाळेच्या गच्चीवर तायक्वांदो.
चाळीस पोरं, एक शिट्टी,
संध्याकाळी सहालाही फरशी तव्यासारखी.
सर्टिफिकेट मिळतं, नोकरीला उपयोगी पडतं म्हणे.
सर बोलत होते माझ्याशी
आणि बघत होते निलोफरच्या ओढणीकडे.
तिनं फुली मारली. कारणाचा रकाना नव्हता.

तालमीत तर आम्ही चुकूनच शिरलो.
लाल माती, ताक, तेल, हळद यांचा वास.
म्हाताऱ्या वस्तादांनी लंगोटवाल्यांना आधी आत पिटाळलं,
मग म्हणाले, पोरींचं नाही गं इथं काही.
आणि ओंजळभर शेंगा दिल्या, गुळाचा खडा दिला,
नाही म्हणायची इतकी चांगली रीत
मी विद्यापीठात कुठं पाहिली नाही.

शनिवारी हत्तुरे बाईंची शेड.
कधीकाळी यंत्रमाग होते तिथं;
मॅटच्या कडेला फरशीत अजून बोल्टांची भोकं,
चार-चार, चार-चार.
मी नकळत मोजले: आठ माग.
बाई म्हणाल्या, पहिला महिना फुकट,
कारण पहिला महिना नुसतं पडायचं.
"आणि दुसरा?"
"दुसराही पडायचंच. पैसे देऊन."

मग त्यांनी आपल्या जाड अंगरख्याची कॉलर पुढे केली.
धर.
मी धरली.
टॉवेलांच्या काठाच्या गाठी तोडत वाढलेली बोटं माझी,
कापड हातात आलं की ती मला विचारत नाहीत.
बाईंनी मला उचललं, फिरवलं, आपटलं,
पत्रा दिसला, दिवा दिसला, पुन्हा पत्रा,
कोपर सोललं,
कॉलर मात्र माझ्या मुठीतच होती.
बाई वाकून बघत राहिल्या. "कुणाची गं तू?"
मागवाल्याची, म्हटलं.
त्यावर त्या काही बोलल्या नाहीत,
एक जुना अंगरखा दिला, धुऊन आण म्हणाल्या.

रात्री अम्मा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बोलतच होती:
हातपाय मोडून घे, म्हणजे बघायला येणारेही नको.
नायना पाळीवरून आले. कानात अजून धोटा,
म्हणून घरात ते मोठ्यानंच बोलतात.
क्लबचं काही विचारलं नाही.
दोरीवरचा अंगरखा ओढला, बल्बपाशी नेला,
अंगठ्यानं चोळला, नखानं धागे मोजले,
ओठ हलत होते, तेलुगूत.
"आपल्याकडचा माल नाही हा."
उलटा केला. पुन्हा सुलटा.
"घट्ट आहे. पण हे बघ, काखेत जोड.
कुणाचाही असला तरी इथूनच उसवणार.
धरायचं तर वर धर, दुहेरी पट्टीला."
अम्माचं सूप थांबलं होतं.
नायना भाकरी मागून जेवायला बसले.

सोमवारी बसमध्ये निलोफरनं ओळ पुरी केली.
फी: एक महिना शून्य.
अंतर: चालत अठरा मिनिटं.
अंधार: हो.
"हो" पुढे तिला आणखी काही लिहायचं होतं, पेन चावत बसली.
मी कोपराची खपली बघत होते.
कन्ना चौक मागे पडला,
उतरायचं राहूनच गेलं.