गेट नंबर दोन

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला मी उठलो.
शून्य-शून्य.
सहाची ड्युटी, कल्याणीनगर,
आणि सुपरवायझर वाघचौरे, जो पाच मिनिटांचे पन्नास कापतो.

आरोग्यस्वामी गोलात उभा होता,
दोन्ही हातमोजे वेगळ्या जोडीतले,
उजव्याचा अंगठा त्याच्या आईने शिवलेला, लाल दोऱ्याने.
तोवर त्याने अकरा बॉल अडवले होते.
बारावा मला बघायचा नव्हता, खरं सांगतो.
एकोणीस वर्षं येतोय मी होळकर पूल इलेव्हनसाठी.
आमचं घोडं नव्वदीच्या अलीकडेच पेंड खातं.

समोर ईस्ट स्ट्रीट अ‍ॅथलेटिक.
त्यांना बस आहे. बसला पडदे आहेत.
त्यांचा बर्फ पांढऱ्या पेटीतून येतो,
आमचा रसवंतीवाल्या अन्सारकडून,
उरला तर.

रिक्षा पुलावर चढली
आणि मागून आवाज आला.

त्यांचा गोल झाला की टाळ्या पडतात,
नीट, एकत्र, नाटकाला पडतात तशा.
हे तसं नव्हतं.
हे म्हणजे कुणीतरी दोनशे पत्रे
जिन्यावरून सोडून दिलेले,
आणि त्यात मोझेसमामाचं ट्रम्पेट,
जे लग्नाच्या बँडमध्येही सुरात नसतं.

"थांब," मी म्हटलं.
"पुलावर थांबत नसतात," रिक्षावाला म्हणाला.
मग मी बसल्या जागी नाचलो.
त्याने आरशात पाहिलं, मीटरकडे पाहिलं,
आणि गप्प राहिला.

फोन नंतर आला.
लहू कुचेकर. आमचा राखीव. पंक्चरवाला.
कॉर्नर, गोंधळ, कुणाचा तरी गुडघा,
आणि बॉल लहूच्या पाठीला लागून आत.
पाठीला!
तो पाठमोरा उभा राहून पंचाशी भांडत होता.

साडेआठला पांढरी गाडी आली.
ए-विंगचे मर्झबान साहेब, त्यांच्या क्लबचे उपाध्यक्ष.
मी दांडा उचलला, सलाम ठोकला.
"साहेब, मॅचचं काय झालं?"
काच खाली आली.
त्यांची नजर माझ्या कॉलरपाशी थांबली,
जिथे खाकीच्या आतून निळं डोकावत होतं.
"वरचं बटण लाव," ते म्हणाले.
काच वर जाता जाता, घसा बसलेल्या आवाजात,
"कीपर चांगला आहे तुमचा."

पावणेबाराला टेम्पो आला,
इंजिन बंद, ढकलत आणलेला.
ढोल होता, पण ढोलावर गोधडी.
दहानंतर आवाज चालत नाही
हे मीच कधीतरी त्यांना सांगून ठेवलेलं.

तीस माणसं मुकी नाचली.
चपला काढून, डांबरावर.
अन्सारने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं होतं.
आरोग्यस्वामी दांड्याखालून वाकून आत जायचा, बाहेर यायचा,
परत आत.
लहू शर्ट वर करून पाठ दाखवत फिरत होता
आणि जो तो तिला हात लावून
हात कपाळाला नेत होता.
मोझेसमामाने ट्रम्पेट ओठांना लावलं,
गाल फुगवले,
फुंकलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा तो सुरात होता.

ए-विंगमध्ये वर एक दिवा लागला.
आमचे पाय थबकले.
खिडकी उघडली नाही. इंटरकॉम वाजला नाही.
दिवा तसाच राहिला, आणि हळूहळू
आम्ही त्याच्या उजेडात नाचायला लागलो.

मग त्यांनी तो माझ्या खुर्चीवर ठेवला,
कै. दामूअण्णा भिंताडे स्मृती करंडक,
एक कान सैल,
आत कुणाचा तरी अर्धा वडापाव.

नियम म्हणजे नियम. मी रजिस्टर उघडलं.
नाव: करंडक.
कुठून आले: होळकर पूल.
कुणाला भेटायचं:
इथे पेन अडलं.
मग लिहिलं, आडनावासकट,
तुळशीराम बोऱ्हाडे, गेट नंबर दोन.

बाहेर गेल्याची वेळ लिहायची राहिली.
सकाळी वाघचौरे विचारेल.
विचारू दे.