अकरा मिलिग्रॅम

बाहेर सेहेचाळीस. जळगावच्या रस्त्यावर
डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, धांडे सरांच्या प्रयोगशाळेत,
स्टीलच्या वाडग्यात उणे अठ्ठ्याहत्तर:
अ‍ॅसिटोनमध्ये कोरड्या बर्फाचे खडे,
भुसावळहून थर्माकोलच्या पेटीत येता येता
निम्मे हवेत गेलेले.
उरलेल्या निम्म्यात
मला दोन साखरा जोडायच्या आहेत.

जंतू साखर पांघरून येतो.
तान्हं लेकरू तिला घरचीच समजतं.
मग ताप, ताठ झालेली मान,
धुळ्याच्या सिव्हिलमधली रात्र.
म्हणून ती साखर आधी आपणच बनवायची,
जंतूला वगळून, पाच मण्यांची,
प्रथिनावर टांगायची
आणि लेकराला म्हणायचं, ही बघून ठेव.

धरणगावला होळीच्या आधी
अण्णा हार-कंगण पाडायचे.
सागवानी साचा, खाचेत आधी दोरा, मग पाक.
मी विचारलं होतं, दोरा कशाला,
तो तर खाता येत नाही.
"दोराबिगर गळामा कशी ऱ्हाई व, बाई?"
लसीचं प्रकरण मी वाचलं
त्यानंतर पंधरा वर्षांनी.

साखरेला हात पाच.
चार बांधून ठेवायचे, एक मोकळा.
तरी ती कधी वरून धरते, कधी खालून.
वरून हवं.
खालून झालं तर सहा महिने बेसिनमध्ये.

गुरुवारी लाइट गेली. जनरेटरात डिझेल नाही.
फिरता चुंबक तळाशी गप्प बसला
आणि मुबीना तडवीनं
हातमोज्यावर हातमोजा चढवून
चाळीस मिनिटं फ्लास्क गोल गोल हलवला,
न बोलता, घड्याळाकडे न बघता,
पाळणा हलवावा तसा नाही,
जात्याचा खुंटा धरावा तसा.

मग प्लेट. आम्लात बुडवून तापवली
की साखर जळते, काळा ठिपका उमटतो,
आणि खोलीभर तो वास:
कढईला पाक लागल्याचा.
दर वेळी मी मागे वळून बघते.
आता अण्णा ओरडतील.

पुण्याहून आलेख आला एकविसाव्या दिवशी.
चौथा मणी. वरून.
वजन अकरा मिलिग्रॅम.

फोनवर सांगितलं, तर ते
खोकला लागेपर्यंत हसले.
"इतली त झाराले चिकटेल ऱ्हास."
मग जरा थांबून,
"गोड शे का?"
आम्ही चाखत नाही, अण्णा.
"चाखत नही?"
पलीकडे नुसती भट्टी ऐकू येत राहिली.
थेंब जिभेवर ठेवल्याशिवाय
त्यांनी उभ्या जन्मात कढई उतरवली नाही.

पाचव्या मण्याला अजून हात लावलेला नाही.
पुढे उंदीर, मग ससे, मग कागद, कागद,
मग कुठल्याशा गावी एखादी दंडावरची टोचणी,
मी नसेन तिथे.
सध्या फ्रीजरमध्ये एक कुपी आहे,
तिच्यावर माझ्या अक्षरात तारीख.
सोमवारी बर्फ येणार आहे.
येईल तेवढा.