पट्टे

वासरू पांदीत पडलं होतं, अंगावर ओरखडाही नाही.
नऊ दिवसांचं. कपाळावर चांद.
सायत्रा मडावी सांगत होती :
पहाटे आईला ढुशी देऊन प्यालं,
दोन पावलं चाललं, आन् बसलं ते बसलंच.

"वाघच लिहा जी," पोलीस पाटील माझ्या कानाशी,
"जंगल खातं पैसे देते."
गार्डही आला होता. त्याने मोहाखालची माती पाहिली,
सायकलची चाकोरी, मुंगसाची पावलं,
आणि तंबाखू मळत बसला.

मी जीभ ओढून पाहिली. फोड नाही.
खुरांच्या बेचक्या कोवळ्या, कोरड्या.
पण गोठ्यात गाय तीन पायांवर उभी,
तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत.

मग सुरी.
घटसर्पाचं हृदय मी ओळखतो, लाल शिंतोड्यांचं.
तार गिळलेल्या म्हशीचं एकदा पाहिलंय,
दह्यात बुडवून काढल्यासारखं.
हे मात्र बारा वर्षांच्या नोकरीत पहिलं :
पळसाच्या पानावर, मुठीएवढं,
आणि तांबड्या मांसात पांढुरके-पिवळे पट्टे,
मेलेल्या स्नायूचे.
पुस्तकात याला वाघाचं हृदय म्हणतात.
हे मी मोठ्याने बोलायला नको होतं.

"म्हनजे वाघच होय ना जी," सायत्रा म्हणाली,
"आंगातून खाल्लन."
पाटलाने माझ्याकडे पाहिलं.
गार्ड हसला नाही.

मी लाळ्या-खुरकूत लिहिलं.
पुढचा रकाना : लस दिल्याचा दिनांक.

भादव्यात या टोल्यावर यायचं होतं मला.
नाल्याला पाणी होतं. फार नव्हतं.
थर्मासातला बर्फ विरघळला,
मी रजिस्टरात तेवीस जनावरं मांडली
आणि डोस बोरीखाली ओतून दिले.

रात्रभर गाय त्याला चाटत होती, सायत्रा सांगते.
चाटणारच.
तोंड, नाक, कान, कपाळावरचा चांद.

खड्डा कमरेएवढा खणला, वर चुना.
धुण्याच्या सोड्यात मी गमबूट बुडवले,
हात कोपरापर्यंत.
रजिस्टरात तारीख आहे, ती इथे उतरवायची
की रकाना कोरा ठेवायचा,
पेन उघडं धरून मी उभा,
आणि पलीकडच्या अंगणातून हाक येते :
बकरीचं पिलू उठत नाही सकाळपासून,
येता का जी?