टेपचं दुसरं टोक

तस्नीम मुजावर मिरजेहून आली, दोन एसट्या बदलून.
म्हणाली, काका, टेपचं हे टोक तेवढं धरा.
मी धरलं. रिटायर माणसाला दुसरं काम काय.

अग्रणी कोरडी. देऊळ हिंगणखोरीचं,
गाव म्हणतं पांडवांनी एका रात्रीत बांधलं,
कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला.
ती हसली नाही. वहीत लिहिलं: शिखर विटांचं, नंतरचं.

मग जोत्यापासून वर वर येत गेली,
विहिरीतून माणूस वर यावा तशी.
खालचे तीन थर एका हाताचे,
सांध्यात चुना नाही, नुसतं वजन वजनावर बसलेलं.
एका चिऱ्यावर बोटभर खूण सापडली,
माशासारखी, नाहीतर छिन्नी घसरलेली.
पाथरवटाची सही, ती म्हणाली, मजुरी मोजायला.
मी म्हणालो, आठशे वर्षं बिल पास व्हायचंय त्याचं.
तेव्हा मात्र हसली.

उत्तरेची भिंत पोटात आलीय. तिथं
हंसांची रांग पाय वर करून.
पडलं होतं कधीतरी. कुणी पाडलं
की आपसूक खचलं, दगड सांगत नाही;
परत लावणाऱ्याला घाई होती, एवढंच सांगतो.
पायरीला वीरगळ. लढणारा आडवा,
त्याच्या गाईंवर चपला काढून आपण आत जातो.
वर पातळ विटा, चुन्यात ताग,
कोनाड्यात पगडीवाला कुणी,
गवंडी की सरदार, नाक गेलंय.

मग ती सभामंडपात आली.
मान वर केली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं:
स्लॅब, सिमेंटचा. साल माहीत नाही. कर्ता माहीत नाही.
तुळई बसवताना मूळ छज्जा फोडला आहे.
पाणी उलटं गाभाऱ्यात.

दुष्काळी कामातनं उरलेली खडी,
परमिटवरची चौदा पोती, त्यातली दोन ओलसर,
सेंट्रिंगला बाभळीचे टेकू.
छज्जा वीतभर आडवा येत होता.
यंकाप्पा वडार म्हणाला, सायेब, ह्येला नगं हात लावाय.
मी घड्याळ बघितलं. म्हणालो, फोड.
त्यानं घण खाली ठेवला आणि ओढ्याकडं चालत गेला.
दुसऱ्यानं फोडला. दोन तास लागले.
बायका आरतीला पावसात भिजायच्या,
म्हणून तर मंडप हवा होता.
हेही कुठंतरी यायला हवं. वहीत त्याला रकाना नाही.

साल लिही, म्हणालो. त्र्याहत्तर, मे महिना.
ती थांबली. आणि कर्ता?

लिही: यंकाप्पा.
त्यानं हात लावला नाही.

ती बघत राहिली. मग म्हणाली,
काका, टोक सैल सोडू नका, माप चुकतं.
शून्य माझ्या अंगठ्याखाली होतं.
वर स्लॅबला एक थेंब जमत होता,
बाहेर ऊन असून.