शिसं

म्हसरूळच्या पुढं, मुरमाच्या ट्रॅकवर
मी वजनाचा माणूस.
बाजार समितीतून उसना आणलेला काटा,
डब्यात शिशाच्या वड्या, पाव किलोपासून.

टू-स्ट्रोकला पितळी कडी,
अंबडच्या लेथवर मीच कातलेली,
चोवीस मिलिमीटर, केसभरही जास्त नाही.
इंजिननं श्वास घ्यावा, पण मोजून.
फोर-स्ट्रोक मुळातच जड, तिला सूट.
आणि जिंकेल त्याला पुढच्या शर्यतीत पाच किलो.

दोन्हीकडचे शिव्या देतात,
म्हणजे काटा बहुतेक बरोबर असावा.

हिरामण भोये तिसऱ्यांदा जिंकून आला.
पंधरा किलो झाले आता सीटखाली.
कुरकुर नाही, काही नाही.
पेठच्या घाटात याच गाडीवर दूध घालायचा तो,
दोन्ही अंगांना कॅन,
डावा नेहमी शेवटी रिकामा व्हायचा.

मी बोल्ट आवळत होतो
तर वाकून म्हणाला,
"काका, डावीकडं जरा जास्त टाका.
सवय आहे."

नियमपुस्तिका चाळली. पुन्हा चाळली.
डावं-उजवं त्यात कुठंच नाही.

एक वडी उजवीकडून काढून
डावीकडं बसवली.
गाडी परत काट्यावर घेतली :
आकडा तोच.